पीएस४वर ५.१ आवाज: डीटीएसचं एसी३ करून ऐकल्याचा अनुभव

पेन ड्राइव्हवरची एमकेव्ही (सिनेमाची) फाइल पीएस४ म्हणजे प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलच्या मीडिया प्लेअरवर लावली, चित्र झकास दिसतंय आणि आवाजच नाही, असं होत असेल तर आधी फाइलमधला ऑडिओ ट्रॅक तपासा. बहुतेक वेळा तो डीटीएस या सराउंड आवाजाच्या फॉरमॅटमधला निघतो. २०१५मध्ये आलेला हा प्लेअर एमकेव्ही उघडतो, पण आवाजासाठी त्याला एमपी३, एएसी किंवा एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटल लागतं. गंमत म्हणजे डीटीएस असलेली ब्लू-रे डिस्क त्याच कन्सोलमध्ये व्यवस्थित वाजते.

पावसाळ्यापासून मी माझ्या संग्रहातल्या फाइली एफएफएमपेग या कमांड देऊन चालणाऱ्या प्रोग्रॅमने बदलून ऐकतोय. माझं मत आता पक्कं झालंय: चित्राला हात लावायचा नाही, फक्त आवाज बदलायचा. व्हिडिओ कोडेक (एनकोड करायची पद्धत) ‘कॉपी’, ऑडिओ कोडेक ‘एसी३’, बिटरेट ६४०के (सेकंदाला ६४० किलोबिट), एवढंच सांगायचं. चित्र पुन्हा एनकोड होत नसल्याने त्याचा दर्जा तसाच राहतो आणि अख्खा सिनेमा काही मिनिटांत तयार होतो.

फुकटचे बरेच कन्व्हर्टर ५.१चं (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सरळ दोन चॅनलचं स्टिरिओ करून देतात, ते मला अजिबात पटत नाही. सेंटर स्पीकरचा संवाद डाव्या-उजव्या चॅनलमध्ये मिसळला की पार्श्वसंगीताखाली दबतो, मग घरातले सारखे ‘काय म्हणाला?’ विचारतात. एफएफएमपेगने स्टिरिओ केलं तर सबवूफरचा एलएफई (खोल आवाजांचा) चॅनल, वेगळं काही सांगितलं नाही तर, गाळलाच जातो. पाच स्पीकर लावून बसायचं आणि दोघांचंच ऐकायचं, हा त्या मिक्सवर राबलेल्या साउंड इंजिनिअरवर अन्याय आहे.

६४० हा आकडा का? एसी३ची कमाल मर्यादा तीच आहे. डीव्हीडीवर ती ४४८ असते. मूळ डीटीएस ट्रॅक बहुधा १५०९ केबीपीएसचा असतो, त्यामुळे दोन तासांच्या सिनेमामागे पाऊणएक जीबी जागाही वाचते. संवादात मला मूळ आणि बदललेल्या ट्रॅकमध्ये फरक ओळखता येत नाही. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ४४८ला टाळ्या किंचित खरखरीत वाटतात, ६४०ला नाही. ७.१ ट्रॅक असेल तर तो ५.१वर येतो, कारण हा एनकोडर त्यापुढे जात नाही.

हिंदी आणि इंग्रजी असे दोन ट्रॅक असतील तर जपा. कोणते ट्रॅक घ्यायचे ते सांगणारा ‘मॅप’ पर्याय दिला नाही तर एफएफएमपेग एकच ऑडिओ ट्रॅक उचलतं, आणि तो नेमका आपल्याला नको असलेला निघू शकतो.

आता कन्सोलकडे. माझा पीएस४ जुन्या घडणीचा, ऑप्टिकल पोर्ट (प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर नेणारं) असलेला. पीएस४ स्लिममध्ये ते पोर्ट नाही. ऑप्टिकलमधून पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला आवाज) दोनच चॅनलचं जातं, म्हणून ऑडिओ आउटपुटच्या सेटिंगमध्ये बिटस्ट्रीम (डॉल्बी) निवडायलाच हवं. स्पीकर जोडलेल्या रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डॉल्बी डिजिटल’ उमटलं की समजायचं, काम झालं. गेम खेळतानाही हेच सेटिंग चालतं, फक्त कन्सोलला आवाज जागच्या जागी डॉल्बीत बदलावा लागतो, त्यामुळे आवाज किंचित मागे पडतो. शूटिंगच्या गेममध्ये ते जाणवतं, म्हणून तेव्हा मी पीसीएमवर येतो.

मूळ डीटीएस फाइली मी पुसत नाही, वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. एकदा एसी३ झालेल्या आवाजातून मूळ आवाज परत मिळत नाही, आणि उद्या डीटीएस वाजवणारा प्लेअर घरात आला तर मला तोच ऐकायचाय.