‘चंचल’ या शब्दापुरती एका मोबाइल शब्दकोशाची पारख

फोनवर वापरायला घेतलेल्या एका मराठी शब्दकोशाची परीक्षा मी ‘चंचल’ या एकाच शब्दावर घेतली. ‘अस्थिर, चपळ’ एवढे दोन प्रतिशब्द देऊन तो कोश थांबला. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. चपळ गडी आपल्याला कामाला हवाच असतो आणि चंचल माणसाला उसने पैसे द्यायला आपण कचरतो, हा फरक त्या नोंदीतून मुळीच कळत नाही. शिवाय ‘चंचल डोळे’ म्हटले की तोच शब्द कौतुकाचा होतो, याचेही एखादे उदाहरण हवे होते.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘चञ्चलं हि मनः कृष्ण’ अशी तक्रार अर्जुन करतो (श्लोक 34) आणि पुढच्याच श्लोकात श्रीकृष्ण मनाला ‘चल’ म्हणून ती मान्य करतो; तेथेच ज्ञानेश्वरांनी माकडाला समाधी कशी लागेल, असे विचारले आहे. एवढा संदर्भ दोन ओळींत मावला असता. ‘चंचला’ ही नोंद मात्र नेमकी असून तिथे लक्ष्मी आणि वीज हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. ‘धरसोड’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द समानार्थी म्हणून कुठेच जोडलेला नाही, हे मला सर्वांत खटकले. शोध झटपट होतो, अक्षर ठसठशीत आहे. शालेय कामापुरता हा कोश चालेल, लिहिणाऱ्याने जाडजूड छापील कोश हाताशी ठेवावा.