एक पाकीट कमी पडले: नवशिक्यांसाठीच्या लागर किटचा अनुभव

मिशिगनमधील आमच्या घराच्या तळघरात जानेवारीत १२ ते १३ अंश सेल्सियस तापमान असते आणि लागर बिअर आंबवायला नेमकी अशीच थंडी लागते, एवढ्याच भांडवलावर मी जवळच्या दुकानातून नवशिक्यांसाठीचे लागर किट घेतले. त्यात ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअरसाठी काकवीसारखा दाट माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) पाक, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांच्या गोळ्या आणि सॅफलागर डब्ल्यू-३४/७० या सुक्या यीस्टचे ११.५ ग्रॅमचे एक पाकीट होते. पाक आणि हॉप्स यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

यीस्टबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. बव्हेरियातील वाइहेनश्टेफान येथला हा वाण तापमान दोन-चार अंश वर-खाली झाले तरी नवशिक्याला सांभाळून घेतो. कमी प्रमाण मात्र त्याला चालत नाही. उत्पादकाच्या शिफारशीनुसार १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅम यीस्ट लागते, म्हणजे १९ लिटरसाठी दोन पाकिटे हवीत. किटमध्ये एकच पाकीट होते आणि दोन आठवड्यांनी बाटल्या भराव्यात, असे सोबतच्या चिठ्ठीत छापले होते. मी ती चिठ्ठी तंतोतंत पाळली. तीन दिवस एअरलॉकमध्ये, म्हणजे बाहेरची हवा आत न घेता आंबण्याचा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत, एकही बुडबुडा आला नाही, चौथ्या दिवशी कुठे सुरुवात झाली, आणि महिन्याभराने पहिली बाटली उघडली तेव्हा पॉपकॉर्नवर ओततात त्या लोण्याचा वास आला.

हा वास डायअसेटिल या रसायनाचा. आंबताना यीस्टमधून बाहेर पडलेल्या एका द्रव्यापासून ते तयार होते आणि पुरेसे, धडधाकट यीस्ट पुढे ते स्वतःच शोषून घेते. अपुऱ्या यीस्टला ते झेपत नाही आणि बाटल्या भरण्याची घाई केली तर सवडही मिळत नाही.

दुसऱ्या खेपेला मी ८ डॉलर मोजून जादा पाकीट घेतले आणि पाक १४ अंशांपर्यंत निवल्यावरच दोन्ही पाकिटे त्यात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉक बोलू लागला. मधल्या काळात तळघरात कुजक्या अंड्यांचा वास सुटला, पण लागर यीस्टच्या बाबतीत तो नेहमीचाच असून आपोआप जातो. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरचा आकडा (साखरेचे मद्य होत जाते तसा तो उतरतो) १.०४८ वरून १.०१८ वर आल्यावर, यीस्टने डायअसेटिल शोषून घ्यावे म्हणून भांडे वरच्या मजल्यावर १८ अंशांत तीन दिवस ठेवले. मग थोडी बिअर झाकलेल्या पेल्यात घेऊन लपलेला वास उष्णतेने उघड व्हावा म्हणून तो पेला गरम पाण्यात ठेवला आणि निवल्यावर हुंगून पाहिला; लोण्याचा मागमूस नव्हता. शेवटचा आकडा १.०१० आला, म्हणजे मद्यार्क सुमारे ५ टक्के.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यामुळे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःसाठी करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय असे करणे गुन्हा आहे, त्यामुळे पुण्याच्या भाच्याने मागितले तरी हे किट मी बॅगेत घालणार नाही.

किट घेण्याजोगे आहे, पण दुसरे पाकीट त्याच दिवशी घ्यावे आणि चिठ्ठी बाजूला ठेवावी. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणे. त्यानुसार बाटल्या दोन आठवडे उबेत ठेवून फेस धरल्यावर मी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत. त्यांतल्या दोन माझ्या नवऱ्याने मुदतीआधीच संपवल्या.