शिबिरातला पीएसए आणि ३८ हजारांची पावडर

गेल्या श्रावणात मला थंडी वाजून ताप भरला. लघवीला आग, रात्रीतून पाच-सहा वेळा उठणं, ओटीपोटात ठणका. मेडिकलवाल्याने तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला आणि मी नाशिकच्या सातपूरला ड्युटीवर गेलो. आग थोडी राहिलीच. सायकलमुळे असेल म्हटलं. दर रविवारी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतो मी.

पंधरवड्याने आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर लागलं. ९९ रुपयांत रक्ताच्या सगळ्या तपासण्या. माझा पीएसए (प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची रक्ततपासणी) आला ११.८, आणि शेजारीच छापलेलं, ४ पर्यंत नॉर्मल. अ‍ॅप्रन घातलेल्या माणसाने मला कोपऱ्यात नेलं. (आपण डॉक्टर आहोत असं तो एकदाही म्हणाला नाही, हे फार नंतर लक्षात आलं.) "सर, वय ४७ ना? मुलं शिकत असतील अजून. ही कॅन्सरची सुरुवात आहे. हॉस्पिटलात गेलात की बायोप्सी करतील, सुईने तुकडा काढून तपासतील, आणि सुई लागली की तो अंगभर पसरतो." मग तीन महिन्यांचा कोर्स, ३८,००० रुपये. त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, पैशाचं काय घेऊन बसलात," आणि सकाळी एफडी मोडली.

तीन डबे पावडर मिळाली. डब्यावर परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. कंपनीत लेबल नसलेला एक नटबोल्ट मी स्टोअरला इनवर्ड करत नाही. घरी मात्र रोज सकाळी अनशापोटी एक चमचा.

तीन आठवड्यांनी ताप परत आला. मेहुण्याने उचलून युरॉलॉजिस्टकडे नेलं. मी रिपोर्ट पुढे केला, तर त्यांनी आकड्याकडे न बघता आधी विचारलं, "रक्त दिलं त्याच्या आधी ताप आला होता का?" मग गुदद्वारातून बोटाने तपासलं. मी कळवळलो. सुजलेली ग्रंथी अशी दुखते. कॅन्सरची गाठ बहुधा कडक लागते आणि दुखतेच असं नाही, ते म्हणाले. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू निघाला. मेडिकलवाल्याच्या त्या अर्धवट गोळ्यांवरून बोलणीही खाल्ली.

शिबिरातला आकडा खोटा नव्हता, हेच मला अजून टोचतं. खोटा होता तो त्याचा लावलेला अर्थ. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. ग्रंथी सुजली की ते रक्तात जास्त झिरपतं. जंतुसंसर्ग, वयानुसार वाढलेली ग्रंथी, लघवीसाठी घातलेली नळी, आधीच्या दोन दिवसांत झालेला वीर्यपात, कशानेही आकडा चढू शकतो. म्हणून संसर्ग चालू असताना तो मोजतच नाहीत. सूज तिशी-चाळिशीतही येते आणि आग, ठणका, ताप घेऊन येते. (जुनाट दुखण्यात कित्येकदा जंतू सापडतही नाहीत, ती वेगळीच डोकेदुखी.) कॅन्सर बहुतेक पन्नाशीनंतर, आणि सुरुवातीला अगदी मुकाट. त्याचं निदान पक्कं करायचं तर बायोप्सीच लागते, आणि सुईने तो अंगभर पसरतो ही निव्वळ भीती घातलेली.

डॉक्टरांनीही "कॅन्सर नाही" असं लगेच सांगितलं नाही, हे मला आवडलं. सहा आठवडे गोळ्या, सायकल बंद, मग पुन्हा पीएसए. उतरला नाही तर एमआरआय, लागली तर बायोप्सी. माझा २.३ वर आला.

पैसे गेले. शिबिरवाल्यांच्या, नाशिकच्याच द्वारका भागातल्या पत्त्यावर आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे डब्यासकट तक्रार दिलीय. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून केंद्राचा कायदा आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत कॅन्सर आहे, प्रोस्टेटचे विकारही आहेत. तुमच्याकडे असा डबा असेल तर फेकू नका, पावतीसकट जपून ठेवा.

त्याच शिबिरात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचाही पीएसए जास्त आला होता. वय ६८. ना ताप, ना आग. त्यांनीही तेच डबे घेतले, आणि परवा जिन्यात भेटले तेव्हा खुशीत होते. "पावडर लागू पडली बघ, मला काही त्रासच नाही!" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. उद्या सकाळी दहाची अपॉइंटमेंट घेतलीय त्यांच्यासाठी. अजून त्यांना सांगितलेलं नाही.