पिकअपच्या केबिनमध्ये पाणी: आधी शोधायचं कसं, मग बुजवायचं कशाने?

जुन्या पिकअपचं कार्पेट ओलं लागलं की बहुतेक जण दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि काचेभोवती फासतात. कधी गळती थांबते, बहुतेकदा थांबत नाही. पाणी आत शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे, आणि ट्यूब लागते तिसऱ्याच ठिकाणी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. निर्णय खरं तर दोन आहेत: गळती शोधायची कशी आणि ती बुजवायची कशाने. माझ्या मते वेळ पहिल्यावर घालवावा. दुसऱ्या निर्णयात साधा नियम पुरतो: उद्या उखडता येणार नाही असं काहीही आज लावू नये.

त्याआधी हे पावसाचंच पाणी आहे ना, याची खात्री करा. कोरड्या हवेतही एसी चालवल्यावरच ओल येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळतंय. दोन्हींत काचेचं रबर बदलून काही उपयोग नाही.

गळती कधी होते, यावरूनही बरंच कळतं. गाडी उभी असताना पाणी येत असेल तर ते वरून उतरतंय: काच, छताचे जोड, मागचा दिवा, वायपरखालची जाळी. फक्त चालत्या गाडीत येत असेल तर वारा दाराच्या रबरापाशी पाणी आत ढकलतोय. रस्त्यावरच्या डबक्यांतून गेल्यावरच येत असेल तर खाली बघा, फ्लोअरच्या पत्र्यातले रबरी बूच आणि चाकांच्या वरचे जोड. नेहमी उतारावर लावलेल्या गाडीत एकाच बाजूला पाणी साठतं, म्हणून ओली बाजू म्हणजे गळकी बाजू असं धरून चालू नका.

पाईप, साबण की कागद

पाण्याच्या पाईपची चाचणी सगळ्यांत विश्वासाची, पण ती बहुतेक जण उलटी करतात. पाईपच्या तोंडाला नोझल नको, जोर नको. पाणी नुसतं ओघळू द्यायचं. सुरुवात खालून करायची. छतावरून सुरुवात केली की पाणी वरून खालपर्यंतच्या सगळ्या जोडांवरून जातं आणि आत थेंब दिसला तरी तो कुठल्या जोडातून आला ते कळत नाही. म्हणून आधी वायपरखालची जाळी, मग पुढच्या काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छत. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा. बारीक फटीतून पाणी झिरपायला वेळ लागतो आणि घाई केली तर फट निर्दोष सुटते. आत टॉर्च घेऊन दुसरा माणूस हवा, आणि कार्पेट, पायाजवळची प्लास्टिकची आवरणं, जमल्यास काचेच्या बाजूच्या खांबांवरची आवरणंही काढलेली हवीत. आवरणं न काढता केलेली चाचणी अर्धीच. प्रेशर वॉशर मात्र वापरू नका. तो चांगल्या रबराखालूनही पाणी आत घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो.

साबणाच्या पाण्याची पद्धत याच्या उलट आहे. सगळ्या काचा-दारं बंद करून ब्लोअर, म्हणजे केबिनमध्ये हवा सोडणारा पंखा, पूर्ण वेगावर आणि बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवायचा, म्हणजे केबिनमध्ये हवेचा दाब थोडा वाढतो. मग बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे फट तिथे बुडबुडे. फायदा असा की आत थेंबभरही पाणी जात नाही आणि फट नेमकी सापडते. एकट्यालाही जमतं. तोटे मात्र माहीत हवेत. केबिनमधली हवा बाहेर जाण्यासाठी कंपनीनेच ठेवलेल्या झडपा असतात, तिथे बुडबुडे येणारच. त्या आधी टेपने बंद करा. जुना ब्लोअर दमलेला असेल तर पुरेसा दाबच तयार होत नाही. आणि वायपरखालची पोकळी ही ब्लोअरची हवा ओढायची जागा आहे, तिथे दाब नसतोच, म्हणून तिथली गळती या पद्धतीने सापडत नाही. जुन्या गाड्यांत ती जागा गळण्याच्या यादीत बरीच वर असते, हे विसरू नका.

कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची, ही चाचणी फक्त दाराच्या रबरासाठी. पट्टी सहज सुटली तर तिथे रबर टेकत नाही. रबराला खडू घासून दार लावलं तरी तेच कळतं, उलट खुणा एका नजरेत दिसतात. अल्ट्रासोनिक यंत्रं आणि धुराची यंत्रंही असतात, पण एका गाडीसाठी घेण्याजोगी नाहीत.

दाराची किंवा मागच्या काचेची शंका असेल तर साबण आधी. पाय ठेवायच्या जागी ओल असेल तर थेट पाईप.

काही न लावता थांबणारी गळती

सीलंटकडे, म्हणजे फट बुजवायच्या मसाल्याकडे, वळण्याआधी दोन जागा साफ करा. वायपरखालच्या पोकळीत पानं आणि माती साठली की तिथून पाणी बाहेर नेणारी वाट बंद होते, पाण्याची पातळी वाढते आणि ते ब्लोअरच्या तोंडातून केबिनमध्ये सांडतं. जाळी काढून हाताने घाण उपसली की गळती संपते. दुसरी जागा म्हणजे दाराच्या खालच्या कडेची भोकं. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, तशीच रचना असते. ते खाली भोकांतून निघून जायला हवं. भोकं मातीने बुजली की पाणी आत येतं.

दाराच्या आतल्या आवरणामागे प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. काच वरखाली करण्याची यंत्रणा किंवा स्पीकर बदलताना कुणीतरी तो फाडतो आणि परत लावत नाही. मग पाणी दाराच्या आवरणावरून थेट कार्पेटवर. दाराचं रबर नवं घातलं तरी ही गळती थांबत नाही, आणि हे न कळल्याने कित्येक चांगली रबरं उगाच बदलली जातात. जाड प्लास्टिकचा नवा कागद कापून भोवती ब्युटाईलने (मऊ राहणाऱ्या चिकट टेपने) चिकटवा आणि खालची कड दाराच्या पोकळीत आत वळवा.

सिलिकॉन, ब्युटाईल, पॉलियुरेथेन

सिलिकॉन स्वस्त आहे, हाताशी असतं, म्हणूनच धोक्याचं आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंजवतं. त्यावर रंग धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकदा लागलं की त्या जागी नंतर दुसरं काही नीट चिकटत नाही. थर खरवडला तरी अंश राहतो. छतभर सिलिकॉन फासलेली गाडी विकायला आली तर मी आधी कार्पेट उचलून बघेन.

ब्युटाईल टेप कधी पूर्ण कडक होत नाही, ओढली की निघते, परत लावता येते. स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या जागांसाठी ती उत्तम, आणि त्यात पहिला नंबर केबिनच्या मागच्या बाजूला वर असलेल्या तिसऱ्या ब्रेक लाईटचा. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलपासून हलक्या ट्रकना हा दिवा सक्तीचा झाला. त्याच्या मागचं फोमचं गास्केट वर्षानुवर्षं दबून चपटं होतं आणि पाणी सीटच्या मागे उतरतं. नवं गास्केट मिळालं तर ते, नाहीतर ब्युटाईल. स्क्रू मात्र बेताने आवळा, प्लास्टिक तडकतं. अँटेना आणि छतावरच्या दिव्यांनाही हेच. पत्र्याला चिकटवलेली काच धरून ठेवायला मात्र ब्युटाईल चालत नाही, त्यात तेवढी ताकद नाही.

छताच्या जोडांतलं मूळ सीलर वाळून तडकलं असेल तर तिथे रंग धरणारं पॉलियुरेथेन सीम सीलर, म्हणजे पत्र्याचे जोड बुजवायचा मसाला. तडकलेला भाग खरवडायचा, गंज काढायचा, प्रायमर मारायचा, मग सीलर. जुन्यावरच नवं थापलं तर पाणी खालच्या तड्यातून चालतच राहतं.

पुढची काच हा सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि उत्तर काच कशी बसवली आहे त्यावर ठरतं. रबरात बसवलेल्या काचेत पाण्याला दोन वाटा असतात: काच आणि रबर यांच्यामधली, रबर आणि पत्रा यांच्यामधली. एकच बुजवली तर काम अर्धं. रबर अजून मऊ असेल तर त्याची कड उचलून दोन्ही वाटांत न सुकणारं बेडिंग कंपाऊंड (फट भरायचा मऊ मसाला) भरा. रबर कडक होऊन कोपऱ्यांत आकसलं असेल तर नवं घालणंच बरं. दोरीच्या साहाय्याने ते बसवता येतं, दोन माणसं लागतात. पत्र्याला चिकटवलेल्या काचेची गोष्ट वेगळी. तिथे पातळ, झिरपणारं सिलिकॉन तात्पुरतं काम करतं, पण काचवाल्याला पुढे ते खरवडत बसावं लागतं. चिकटवलेली काच केबिनच्या मजबुतीचा भाग असते, म्हणून ती काढून पॉलियुरेथेनने परत बसवणं हे काचवाल्याचंच काम, आणि चिकटद्रव्य पुरतं धरेपर्यंत गाडी हलवू नये.

दाराच्या रबराबाबत एवढंच: नवं रबर घ्यायच्या आधी दार खाली झुकलंय का ते बघा. झिजलेल्या बिजागऱ्यांमुळे दार नीट टेकत नसेल तर नवं रबरही टेकणार नाही. बिजागरी दुरुस्त करणं किंवा चौकटीवरचा लॉकचा आकडा किंचित आत सरकवणं कधी कधी पुरतं.

स्वतः की गॅरेजमध्ये

शोधणं स्वतः करा. गॅरेजमध्ये तासभर पाणी ओतत कुणी बसत नाही. साफसफाई, ब्युटाईल, दारातला प्लास्टिकचा कागद, दाराची रबरं हेही घरचं काम. चिकटवलेली काच, आणि काचेच्या कडेखाली सडलेला पत्रा, ही दोन कामं बाहेर द्या. काचेची कड जिथे टेकते तिथे गंज असेल तर आधी डेंटर, मग काचवाला. क्रम उलटला तर नवी काचही गळते.

वाळवणं टाळू नका. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी खालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि फ्लोअरचा पत्रा त्यातच सडतो. कित्येक गाड्यांत तारांचे जोड सीटखाली किंवा पायाजवळ असतात, त्यांचे पिन हिरवे झालेत का ते बघा. दुरुस्तीनंतर कार्पेट लगेच बसवू नका. सीलंट पूर्ण सुकू द्या, पत्रा उघडा असतानाच पुन्हा एकदा पाईप लावा, खालून वर, आणि एखादा खरा पाऊस जाऊ द्या.