गाडीतील स्क्रीनची थरथर : ताठ बसवावी की रबरावर?

सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नलला गाडी उभी आहे, एसी चालू आहे, आणि डॅशबोर्डवरील मोबाइलच्या नकाशात पुढचे वळण नेमके कोणते हे वाचता येत नाही, कारण प्रत्येक अक्षराला दोन-दोन कडा दिसत आहेत. गाडी निघाली की तीच अक्षरे स्पष्ट होतात. पुढे खराब रस्ता लागला की मात्र मोबाइल मान डोलावू लागतो. हे दोन निरनिराळे त्रास आहेत, त्यांची कारणे निराळी आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला वाढवू शकतो. हे लक्षात न घेता खरेदी केली की होल्डरचे पैसे दोनदा-तीनदा जातात. म्हणून येथे निरनिराळ्या होल्डरांची तुलना करण्याआधी थरथरीचा विचार केला आहे.

उभ्या गाडीतील थरथर इंजिनाची असते. चार सिलिंडरचे इंजिन 800 आरपीएमवर (मिनिटाला 800 फेऱ्यांवर) आयडलिंग करत असेल, म्हणजे गाडी उभी असताना नुसते चालू असेल, तर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या, दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला साधारण 27 धक्के बसतात. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत त्याच वेगाला 20 धक्के होतात, आणि ते जास्त जाणवतात. चालत्या गाडीतील थरथर रस्त्याची असते. गाडीचे धड सेकंदाला एक-दोन वेळा वर-खाली झुलते आणि टायरसह चाकाची जोडणी 10 ते 15 वेळा उसळते. चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असेल, तर त्यात तिसरी भर पडते. मोटारीच्या चाकाचा परीघ साधारण 1.9 मीटर धरला, तर ताशी 80 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 12 फेऱ्या घेते आणि तितकेच धक्के स्टिअरिंगपासून डॅशबोर्डपर्यंत पोहोचतात. डोळ्याची अडचण अशी आहे की सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांपलीकडे तो हलत्या अक्षराचा नीट पाठलाग करू शकत नाही. म्हणून स्क्रीन अर्धा मिलिमीटर हलली तरी बारीक अक्षर पुसट होते.

आपला त्रास यांपैकी कोणता, हे घरच्या घरी मोजता येते. दुसऱ्या मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचे स्लो मोशन चित्रण करावे आणि स्क्रीनचा एक कोपरा वर जाऊन परत मूळ जागी येण्यास किती फ्रेम लागतात ते मोजावे. मी होटगी रस्त्याला गाडी कडेला उभी करून हे केले, तेव्हा एका हेलकाव्याला नऊ फ्रेम लागल्या. 240 ला नऊने भागले की 27 येतात, म्हणजे धक्का सरळ इंजिनाचा होता. त्यानंतर स्क्रीनच्या वरच्या कडेवर तर्जनी हलकेच टेकवली. अक्षरे त्याच क्षणी स्थिर झाली आणि बोट उचलताच पुन्हा फाटली. बोटाच्या एवढ्याशा आधाराने थरथर थांबत असेल, तर डॅशबोर्ड फारसा हलत नाही, होल्डरच डोलतो आहे, हे निश्चित समजावे. बोट ठेवूनही फरक पडत नसेल, तर मूळ दोष गाडीत आहे. आयडलिंगला एसी लावल्यावर संपूर्ण डॅशबोर्ड थरथरत असेल, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसते ते रबरी आधार, तपासून घ्यावे. एका ठरावीक वेगालाच स्क्रीन पुसट होत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. ही कामे बाजूला ठेवून महागडा होल्डर घेणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून खाली बादल्या मांडत बसणे होय.

आता मुख्य प्रश्न. थरथर कमी करण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत. पहिला, स्क्रीन इतकी ताठ बसवायची की ती डॅशबोर्डचाच एक भाग होऊन जावी. दुसरा, स्क्रीन मऊ रबरावर बसवायची, म्हणजे खालचा धक्का रबरातच जिरावा. दुकानात दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण धक्का म्हटले की रबर ही समजूत पक्की आहे. माझे मत मोटारीपुरते तरी पहिल्या मार्गाच्या बाजूने आहे, आणि त्याला हिशेबाचा आधार आहे.

रबरावर ठेवलेल्या प्रत्येक वजनाची हलण्याची स्वतःची एक लय असते. रबर जितके मऊ आणि वजन जितके जास्त, तितकी ही लय संथ. बाहेरचा धक्का या लयीच्या सुमारे 1.4 पटींहून अधिक वेगाने येत असेल, तरच रबर तो अडवते. त्याहून संथ धक्का ते अडवत नाही, उलट वाढवून देते, आणि धक्का नेमका त्याच लयीत आला, तर झोपाळ्याला वेळेवर ढकलल्यासारखी स्क्रीन जोरात हलू लागते. इंजिनाचे 27 धक्के अडवण्यासाठी रबराची लय सेकंदाला 10 ठेवली, तर स्क्रीनपर्यंत ढोबळमानाने सहावा हिस्सा पोहोचतो, जो उत्तम म्हणावा लागेल. परंतु सेकंदाला 10 ही तर चाकाच्या उसळण्याचीच लय आहे. म्हणजे सिग्नलला नितळ दिसणारी स्क्रीन रस्त्यावर नाचू लागेल. लय आणखी खाली, 5 वर आणायची म्हटली, तर रबर स्क्रीनच्या नुसत्या वजनानेच 10 मिलिमीटर दबले पाहिजे. इतक्या मऊ आधारावरील टच स्क्रीनला बोट लावले तरी ती मागे जाईल. एका दुकानदाराने माझ्या होल्डरच्या बुडाखाली स्पंजची जाड चकती घालून दिली होती, तेव्हा नेमके हेच झाले. पुणे रस्त्यावर मोहोळपर्यंतही मला ती सहन झाली नाही.

ताठ बसवणीत लाभ मोठा मिळतो आणि तो बहुधा फुकट असतो. एका टोकाला धरलेल्या दांडीची लांबी निम्मी केली, की तिचा ताठपणा आठपट होतो आणि टोकावरचा मोबाइल तेवढ्याच जोराला एक-अष्टमांश वाकतो. म्हणून लांब, लवचीक, हंसाच्या मानेसारखा दांडा असलेला होल्डर मी कोणालाही सुचवणार नाही, मग तो कितीही जाड दिसो. लांबीनंतर महत्त्व आधाराच्या दुसऱ्या बिंदूला आहे. बोटाच्या चाचणीत बोटाने जे काम केले, तेच काम स्क्रीनच्या खालच्या कडेला डॅशबोर्डवर टेकणारी छोटी पट्टी किंवा घट्ट रबराचा तुकडा कायम करत राहतो. येथे रबर चालते, कारण ते दोन पृष्ठभागांत दाबून बसवलेले असते. ते स्क्रीनला झुलवत नाही, तिची हालचाल जिरवते.

या कसोटीवर मोबाइलचे होल्डर तपासले, तर निर्णय सोपा होतो. एसीच्या जाळीवर चिमट्याने बसणारा होल्डर सर्वांत सोयीचा असला, तरी सुमारे 200 ग्रॅमचा मोबाइल प्लास्टिकच्या एका पातळ, फिरत्या पात्यावर लटकलेला असतो, त्यामुळे तो डोलणारच. पात्यामागे धातूचा आकडा घालून स्क्रूने आवळण्याचा प्रकार बराच बरा, आणि त्याला खाली टेकणारा पाय असेल तर आणखी बरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याची एक जमेची बाजू मान्य करावी लागते : पारा 42-43 अंशांवर असताना चार्जिंगला लावलेल्या मोबाइलला थेट गार वारा मिळतो. काचेवरील सक्शन कपचा पाया चांगला असतो, कारण काच ताठ असते. पण काच ड्रायव्हरपासून दूर असल्याने दांडा लांब घ्यावा लागतो आणि सारा फायदा तेथेच संपतो. शिवाय दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सक्शन सुटतो. खडबडीत डॅशबोर्डवर तर तो धरतच नाही.

डॅशबोर्डला चिकटणारा, दांडा नसलेला चुंबकी होल्डर मला मोबाइलसाठी सर्वांत योग्य वाटतो. मोबाइल पृष्ठभागापासून एक-दोन सेंटिमीटरवरच राहतो आणि फोमची ॲक्रिलिक टेप थोडी थरथर स्वतः जिरवते. फक्त ती घाईने लावू नये. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी, टेप अर्धा मिनिट दाबून धरावी आणि त्यावर लगेच वजन देऊ नये. अशा टेपची पकड पूर्ण येण्यास साधारण 72 तास लागतात. डॅशबोर्ड चकचकीत करणारे पॉलिश आधी मारलेले असेल, तर ते पूर्ण काढल्याशिवाय टेप टिकणार नाही. डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये. 2021 अखेरपासून विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती उघडताना वर चिकटवलेली वस्तू माणसाच्या अंगावर येते.

नऊ-दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन बाहेरून बसवून घेणाऱ्यांपुढे दोन पर्याय असतात. एकात डॅशबोर्डवरील स्टिरिओच्या 50 मिलिमीटर उंचीच्या, सिंगल डिन नावाच्या ठरावीक मापाच्या खाचेतून एक मान बाहेर येते आणि तिच्यावर स्क्रीन तरंगत्यासारखी दिसते. दुसऱ्यात 100 मिलिमीटर उंचीच्या डबल डिन खाचेत, त्या मॉडेलसाठी केलेल्या फ्रेमसह, स्क्रीन चारही बाजूंनी बसते. दिसण्यात पहिला उठावदार असतो, पण मोठी स्क्रीन एका मानेवर म्हणजे पुन्हा लांब दांड्याचाच प्रकार झाला, आणि डिझेल गाडीत तो लगेच उघडा पडतो. फ्रेमचा खर्च जास्त असला, तरी तोच करावा. तरंगती स्क्रीन आधीच घेतलेली असेल, तर तिची पाठ आणि डॅशबोर्ड यांमधील फटीत घट्ट फोम किंवा फेल्टचा तुकडा दाबून बसवावा, मात्र हवेच्या जाळ्या बुजवू नयेत. आणि खाचेत स्क्रीन धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याचे स्क्रू महिन्याभराने पुन्हा आवळून घ्यावेत. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही की सतत थरथरणाऱ्या यंत्रावर साधा नट टिकत नाही. तेथे लॉकनट किंवा दुहेरी नटच लागतो.

रिक्षा आणि मोटारसायकल यांच्या बाबतीत मात्र माझे मत उलटे आहे. एका सिलिंडरचे इंजिन 4,000 आरपीएमवर धावत असताना पिस्टनच्या असमतोलाने हँडलला सेकंदाला सुमारे 67 धक्के बसतात. ही थरथर वेगवान आणि बारीक असते, त्यामुळे रबराची लय 25-30 ठेवली तरी ती अडते, आणि तेवढ्या घट्ट रबरावर स्क्रीन रस्त्याच्या संथ धक्क्यांना झुलतही नाही. येथे रबरी डॅम्पर असलेला होल्डर पैसे वसूल करतो. त्याचे दुसरे कारण मोबाइलच्या कॅमेऱ्याचे आहे : चित्र स्थिर ठेवण्यासाठी त्याच्या भिंगाला हलती जोडणी असते, आणि जोरदार इंजिनांच्या मोटारसायकलींच्या थरथरीने ती बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये स्वतःच दिला आहे. मोपेड-स्कूटरवर आयफोन लावायचाच असेल तर थरथर जिरवणारा माउंट वापरावा, असेही त्या कंपनीने सांगितले आहे. इलेक्ट्रिक रिक्षाला हा हिशेब लागू नाही. तिला इंजिनाचे धक्के नाहीत, फक्त रस्त्याचे आहेत, म्हणून तेथे मोटारीप्रमाणे आखूड आणि ताठ होल्डरच घ्यावा.

ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये टीव्ही बसवून घेणाऱ्या मालकांनी दोन्ही मार्ग एकत्र वापरावेत. सहा सिलिंडरचे इंजिन 600 आरपीएमला सेकंदाला 30 धक्के देते आणि पाच किलोच्या आसपासचा 32 इंची टीव्ही पुरेसा जड असल्याने रबर बुश (बोल्टभोवती बसणारे रबराचे गट्टू) योग्य प्रमाणात दबतात. चार बुश असे निवडावेत की टीव्हीच्या वजनाने ते एक ते दीड मिलिमीटर दबतील. त्याने लय 13 ते 16 च्या दरम्यान येते, म्हणजे आयडलिंगचा धक्का बराच अडतो. ही लय चाकाच्या उसळण्याच्या जवळ येते, हा धोका येथेही आहे. म्हणून टीव्हीच्या खालच्या कडेला दाबून बसवलेली रबरी टेकण द्यावीच. टीव्हीच्या पाठीवरील भोके बहुधा 100 किंवा 200 मिलिमीटरच्या चौकोनात असतात, त्यांना पोलादी पट्टी जोडून ती छताच्या आडव्या पाइपला बोल्ट करावी. नुसत्या पत्र्याला स्क्रूने अडकवलेला टीव्ही कोणत्याही बुशवर थरथरणारच, कारण पत्राच ढोलासारखा वाजतो. बुश निवडताना मधून बोल्ट आरपार जाणारा आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर असणारा प्रकारच घ्यावा, म्हणजे रबर फाटले तरी टीव्ही बोल्टवर अडकून राहील. रबर व धातूचे नुसते चिकटवलेले गट्टू उन्हाने काही वर्षांत सुटतात, आणि त्यांच्या खाली पंढरपूर-अक्कलकोटच्या वाटेवर झोपलेल्या प्रवाशांची डोकी असतात. त्याशिवाय टीव्हीच्या फ्रेमपासून पाइपपर्यंत तारेचा एक दोर सैलसा बांधून ठेवावा.