आर्वीचे किलोवाले: लेकरासाठी कापड घ्या, सेट तिथंच राहू द्या

दुकानावर पाटी नाही. आर्वीच्या बाजारात कोणालाही ‘किलोवाले कुठं बसतात’ विचारा, बोट दाखवून देतील. कटपीस किलोवर विकतात. सुती, होजिअरी, पँटपीसचे तुकडे, वेलवेट, लेस, सगळं एका लांबट खोलीत जमिनीवर ढीग करून पडलेलं असतं. ढिगापाशी बसायचं, निवडायचं आणि काट्यावर ठेवायचं. बाया सकाळीच येऊन चांगला माल उचलतात. मी पहिल्या वेळी जेवून गेलो, तर पॉलिस्टरच उरलं होतं.

मी टेलर. आमच्या खेड्यात चाळीस वर्षं शर्ट-पँट शिवली. रेडिमेड आलं तसं काम उसवण-शिवणीवर आलं. यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मला वाटलं, बाळंतविडा आपल्याच मशीनवर व्हावा. मंडळी, म्हणजे लेकीची आई, म्हणाल्या, लेकरू हाती येईपर्यंत नवं काही शिवू नये. मी ऐकलं नाही. त्याचं फळ पुढे सांगतो.

आधी दुकान. माझे वडील पुलगावच्या कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. कापड बघायला त्यांनीच शिकवलं: कपडा उजेडात धर, नख घास, पांढरी भुकटी पडली तर ती खळ, धुतल्यावर कापड चिंधी होणार. आणि शेवटी एक सूत ओढून जाळ. सुती असेल तर कागदासारखं जळते, बोटानं चोळलं की राख. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. मी खिशात आगपेटी घेऊनच जातो. शेठ पहिल्यांदा ओरडलेच, “मास्तर, दुकान पेटवता का जी?” मग त्यांनी स्वतःच पाण्याची वाटी आणून ठेवली. आता मी दिसलो की पोरगं वाटी भरून ठेवते. याचे त्यांना पूर्ण गुण. गिऱ्हाइकाला सूत जाळू देणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

मलमल मला २८० रुपये किलोनं पडली. भाव ऐकून महाग वाटते, पण मलमल वजनाला काहीच नसते. अर्ध्या किलोत, म्हणजे १४० रुपयांत, दहा झबली, चार टोपरी आणि दोन दुपटी निघाली, वरून चिंध्या उरल्या. होजिअरी २२० रुपये किलो, पण ती जड, किलोत फार कपडा येत नाही. पावसाळ्यात मात्र सुती माल वजनावर घेऊ नका. सुती कपडा हवेतली ओल पितो आणि काटा ती ओलही मोजतो. झडीच्या दिवसांत मी असं पाणी विकत आणलं आहे.

कापडाला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गठाणीत मधोमध निघालेल्या पुठ्ठ्याचा कापला. तोही वजनात होता.

आता माझी फजिती. शर्टाचा हिशेब माझ्या हातात बसलेला आहे: छाती चाळीस तर कॉलर सोळा. त्याच हिशेबानं मी अठरा इंच घेराच्या झबल्याला गळा उदार मनानं नऊ इंच दिला. पुढूनही बंद, मागूनही बंद, बाही छान बसवली, कडेला टीप. लेक सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. घरी आल्यावर झबलं काढलं तर ते टाळूच्या वरच अडकलं. मंडळी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “काहून जी, लेकराचं डोकं बोराएवढं असते काय?” मी टेप लावली. डोकं साडेतेरा इंच! तपासणीला आलेल्या सिस्टरनं सांगितलं, नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठंच असते, पूर्ण दिवसांच्या बाळाचं साधारण ३५ सेंटिमीटर आणि छाती त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. चाळीस वर्षं मापं घेतली आणि हे माहीत नव्हतं. जुन्या बाया झबलं मागून उघडं ठेवून नाड्या का लावत, ते तेव्हा कळलं. डोक्यातून घालायचंच नसते. आधी हात, मग पाठीमागे गाठ.

ते पहिलं झबलं पाठीवर उभं चिरून नाड्या लावल्या, तेच आज सगळ्यात जास्त अंगात असते. नाड्या चार बोटं लांब, पाठीवर दोन ठिकाणी. गळ्याभोवती नाडी नाही, आणि टोपऱ्यालाही हनुवटीखाली बांधायची लांब दोरी नाही. मोठं होऊन ओढाताण करणाऱ्या लेकराला ती फास होते.

शिवण्यातही एक गोष्ट उशिरा कळली. माझ्या मशीनला पँटीची १६ नंबरची सुई. मलमलीवर चालवली तर भोकं पडली आणि कापड दातांत ओढून गोळा झालं. मलमलीला ११ नंबर पाहिजे. किलोवाल्यांकडे सुया आहेत, पण १४ आणि १६ च्याच. ११ मागितली तर शेठ म्हणाले, “चौदानं चालवून घ्या.” चाललं नाही. दुसऱ्या दुकानातून आणली. तोवर खाली वहीचा कोरा कागद धरून टीप मारली आणि मग कागद फाडून काढला. पेपरचा कागद घेऊ नका, त्याची शाई पांढऱ्या मलमलीला लागते. कडा मी आधी सुलट्या बाजूनं शिवून, छाटून, मग उलटवून पुन्हा शिवतो, म्हणजे धाग्याचे झुरमुळे आत बंद होतात आणि लेकराच्या काखेत टोचत नाहीत. आणि कापायच्या आधी धुवा. होजिअरीचा एक मीटरचा तुकडा धुऊन वाळवला तर दोन इंच आखडला.

लंगोटासाठी इथून काही घेऊ नका. मंडळींनी वडिलांचं जुनं धोतर फाडलं आणि तिकोनी लंगोट केले. शंभरदा धुतलेल्या धोतराएवढा मऊ कपडा किलोवाल्यांकडे नाही.

आता त्यांचा तयार ‘बाळंतविडा सेट’. पारदर्शक पिशवीत गुलाबी झबलं, वेलवेटचं जरीकाठी टोपरं, मोजे, छोटी उशी, ५५० रुपये. पिशवीवर छापलेलं ‘शंभर टक्के सुती’. झबल्याच्या आतून सूत ओढून जाळलं तर मणी. टोपऱ्याच्या जरीनं माझ्याच तळहातावर ओरखडा उठला. सिस्टर म्हणाल्या होत्या, वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नकोच. सेट शेठ बनवत नाहीत, बाहेरून आणतात, तरी मी त्यांना सांगितलं की तुमच्या दुकानात हा ठेवू नका. ते हसले आणि म्हणाले, पाहुण्यांना द्यायला हाच खपते मास्तर. खरं असेल. सेटला एक गुण, पिशवी कामी आली म्हणून.

एका गोष्टीसाठी मात्र या दुकानाला जास्तीचे गुण देतो. माझ्या थोरल्या मुलाचा मुलगा तीन वर्षांचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागतात. त्याला लाकडी बैल जड होतो, पायावर पाडतो. म्हणून त्याला कापडी बैल शिवला: तपकिरी कॉर्डरॉयच्या तुकड्यांचा, झूल ब्रोकेडची, काठाला लेस, गळ्यात लोकरीचे गोंडे. सगळा माल किलोवाल्यांचाच, साठ-सत्तर रुपयांत. पोटात आमच्याच वावरातला कापूस भरला, सरकी हातानं काढून. डोळ्यांना बटणं लावणार होतो, पण पोरगं अजून सगळं तोंडात घालते, बटण तुटून घशात अडकायला वेळ लागत नाही. म्हणून काळ्या दोऱ्यानं भरले. शिंगं दोनदा उसवली. एक अजूनही डावीकडे वाकतं. नातवानं त्या बैलाला कासरा बांधला आहे, रात्री उशाशी बांधून झोपतो आणि सकाळी चारा म्हणून माझ्या कात्रीखालच्या चिंध्या त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. एकदा धुतला तर आतला कापूस एका पायात गोळा झाला, बैल लंगडा झाला. पोट उसवून पुन्हा भरला.

मुलीच्या कुंचीसाठी पुढच्या बाजाराला जाणार आहे, सकाळी, झड नसताना. शेठ हे वाचत असतील तर तेवढी ११ नंबरची सुई ठेवा.