बांधाचा वाद: मोजणी, समझोता की दिवाणी दावा?

शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी वाद निर्माण झाला असेल, तर कोणता मार्ग धरावा हे ठरवण्यापूर्वी वाद हद्द नेमकी कोठे आहे याचा आहे, की हद्द माहीत असूनही जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आहे याचा, हे स्पष्ट करून घ्यावे. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्दीची आकृती नसते. त्यामुळे उताऱ्यावरचे क्षेत्र पुरेसे आहे एवढ्यावरून बांध जागेवर आहे असे सिद्ध होत नाही.

हद्दच संशयात असेल, तर तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करणे हेच पहिले पाऊल असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक मूळ अभिलेखाच्या आधारे खुणा दाखवतो आणि पुढे मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ट्रॅक्टरने दरवर्षी थोडाथोडा कोरलेला बांध डोळ्यांना जाणवत नाही, परंतु दोनशे मीटर लांबीचा बांध अर्धा मीटर सरकला तरी जवळपास एक गुंठा जमीन जाते. शेतात ऊस उभा असताना मोजणी अवघड होते, म्हणून तोडणीनंतरची तारीख साधावी. द्रुतगती मोजणीचे शुल्क नियमित मोजणीपेक्षा बरेच जास्त असते, आणि निष्कर्ष अमान्य असल्यास निमताना मोजणीची, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणीची, मागणी करता येते. मात्र भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा मिळवून देत नाही.

शेजारी खुणा मान्य करूनही मागे हटत नसेल, तेव्हा दिवाणी दाव्याला खरा अर्थ येतो, कारण मनाई हुकूम आणि ताबा न्यायालय देऊ शकते. मोजणीशिवाय दावा लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, न्यायालयही बहुधा भूमी अभिलेखाच्याच अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर (जागेवर पाहणी करून न्यायालयाला अहवाल देणारा) नेमते. म्हणजे वकिलाची फी आणि काही वर्षे खर्चून माणूस त्याच कार्यालयात पोहोचतो. तरीही फार थांबणे धोक्याचे आहे, कारण मालकीच्या आधारे ताबा मागण्याची मुदत, समोरच्याचा ताबा विरोधी (म्हणजे मालकाचा हक्क नाकारणारा) झाल्यापासून, 12 वर्षे आहे.

गावातला समझोता, मग तो तंटामुक्त समितीसमोर असो वा आपसात, सर्वांत स्वस्त. पण तो मोजणीनंतर करावा. न मोजता ठरवलेली रेषा पुढच्या पिढीत किंवा जमीन विकल्यावर पुन्हा वादात येते. जमिनीची अदलाबदल करायची असेल, तर साध्या स्टॅम्पपेपरवरचे लिखाण पुरत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. एकाच गावातील दोन शेतकऱ्यांची जमीन किमान 12 वर्षे परस्परांच्या ताब्यात असेल, तर 2023 मध्ये सुरू झालेल्या सलोखा योजनेत अदलाबदल दस्तासाठी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी 1000 रुपये आकारली जाते. ही योजना मुदतीची असल्याने ती चालू आहे का, हे तलाठ्याकडे आधी विचारावे. आणि एकानेच दुसऱ्याच्या बांधात अतिक्रमण केले असेल, तर ती मुळीच लागू पडत नाही.